खरूज पुन्हा पुन्हा होते, म्हणजे दोष रक्तातच आहे का? – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी त्वचारोगाची डॉक्टर आहे, तालुक्याच्या गावी बसते. पावसाळा संपला की बाकावर खाजवणारी कुटुंबंच्या कुटुंबं बसलेली असतात, आणि त्यातला एकजण तरी हळूच विचारतो, "मॅडम, हे आनुवंशिक तर नाही ना?" गेल्या काही वर्षांत कानावर पडलेले प्रश्न इथे घेतले आहेत. औषधांचे डोस समजावेत म्हणून लिहिले आहेत. तुमचा डोस तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

सहा महिने झाले, खरूज जातच नाही. मुलाची प्रतिकारशक्तीच कमी आहे का?

बहुतेक वेळा नाही. हे ऐकून आईवडिलांना हायसं वाटायला हवं, पण होतं उलटंच. 'प्रतिकारशक्ती कमी आहे' म्हटलं की निदान टॉनिकची बाटली तरी पदरात पडते.

खरूज परत येण्याचं सर्वांत मोठं कारण घरातच असतं. मुलाला मलम लावलं, आजीला लावलं नाही, कारण आजी म्हणाली, "मला कुठं काय होतंय?" आणि नातू रात्री तिच्याच गोधडीत झोपतो. खरूज पहिल्यांदाच झाली असेल तर चार ते सहा आठवडे खाज सुटतच नाही. तेवढ्या काळात तो माणूस ती दुसऱ्याला मात्र खुशाल देत असतो. वसतिगृहात, आश्रमशाळेत राहणाऱ्या मुलांचं तर विचारूच नका. सुट्टीत घरी येऊन बरं व्हायचं आणि परत जाऊन त्याच खोलीत झोपायचं.

दुसरं कारण म्हणजे उपचारानंतरची खाज. खरूज कातडीत शिरणाऱ्या बारीक किड्यांमुळे होते. ते किडे मेले तरी त्यांचे अवशेष आणि विष्ठा कातडीत तशीच राहतात, त्यामुळे दोन ते चार आठवडे खाज सुटत राहते. घरच्यांना वाटतं औषध लागू पडलं नाही, मग तेच मलम रोज चोपडलं जातं. कातडी कोरडी पडते आणि आता त्या कोरडेपणाचीच खाज सुटते. लहान मुलांच्या काखेत, जांघेत घट्ट लालसर गाठी राहिल्या तर त्या महिनोन्‌महिने टिकतात. त्यात जिवंत किडा असेलच असं नाही.

मलम लावायचं तरी कसं? आम्ही लावलं होतंच की.

"जिथं खाजतं तिथं लावलं" असंच ना? तिथेच चुकतं. ५ टक्के पर्मेथ्रिन हनुवटीपासून पायाच्या तळव्यापर्यंत सगळीकडे लावायचं: बोटांच्या बेचक्या, मनगट, काख, बेंबी, कंबरेचा पट्टा, जननेंद्रियं, ढुंगण आणि नखांच्या खालीसुद्धा. तान्ह्या बाळाला आणि फार वयस्कर माणसाला डोकं, कपाळ आणि कानामागेही. रात्री लावायचं, ८ ते १४ तास ठेवायचं, सकाळी आंघोळ. रात्री उठून हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं. पाचजणांच्या घराला एक छोटी ट्यूब कशी पुरेल?

घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. आठवड्याने पुन्हा एकदा. दोन महिन्यांच्या आतलं बाळ किंवा गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना सांगा. इतक्या लहान बाळाला बहुधा गंधकाचं मलम लावतात.

माणसाच्या अंगाबाहेर किडा दोन-तीन दिवसांच्या वर टिकत नाही. अंगावरचे आणि अंथरुणातले कपडे गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवा. जे धुता येत नाही ते प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. गाद्या जाळायची किंवा घरात औषध फवारायची गरज नाही.

किडा चावतो म्हणून खाज सुटते ना?

नाही, आणि या पानावरचं एकच उत्तर लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा. खाज किडा करत नाही, तुमची प्रतिकारशक्ती करते.

सार्कोप्टिस स्केबी हा गोचिडीच्या भाऊबंदांतला आठ पायांचा जीव. मादी जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्याही आतली. ती कातडीच्या अगदी वरच्या थरात बीळ खणत जाते आणि रोज दोन-तीन अंडी घालते. तिची लाळ, विष्ठा, अंड्यांची टरफलं शरीराला परकी वाटतात आणि त्यांच्याशी लढाई सुरू होते. ती लढाई म्हणजेच खाज. शरीराला हा शत्रू ओळखायला महिनाभर लागतो, म्हणून पहिल्या वेळी खाज उशिरा येते. दुसऱ्यांदा ओळख जुनी असते, त्यामुळे एक-दोन दिवसांतच सुटते.

हे सगळं कळलं ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात. इंग्लंडमधल्या शेफिल्डला केनेथ मेलनबी या कीटकशास्त्रज्ञाने युद्धावर जायला नकार दिलेल्या तरुणांना स्वयंसेवक म्हणून घेतलं आणि मुद्दाम खरूज होऊ दिली. रात्र रात्र जागून खाजवणाऱ्या माणसाच्या अंगावर मिळून किती किडे असावेत? सरासरी दहा-बारा. खरजेच्या रुग्णांची पांघरुणं घेऊन झोपलेल्यांना लागण फारच क्वचित झाली. जवळ झोपणं, अंगाला अंग लागणं हाच तिचा खरा रस्ता निघाला. आणि ज्यांना आधी एकदा होऊन गेली होती, त्यांच्या अंगावर किडे नीट रुजेचनात. ते इतके खाजवायचे की किडेच उखडले जायचे.

मग ज्याला प्रतिकारशक्तीच नाही, त्याला खाजच येणार नाही?

कमी येते. कधी येतच नाही. आणि तीच धोक्याची गोष्ट.

काही वर्षांपूर्वी एका आजोबांना मुलगा पाठीवर घेऊन आला होता. हाताचे तळवे राखाडी, जाड, भेगाळलेले, वाळलेल्या चिखलाचे पापुद्रे उचलावेत तसे. नखं पिवळी, खालून भुसा भरल्यासारखी वर उचललेली. दोन वर्षं सोरायसिस म्हणून उपचार चालू होते. "खाजतं का?" विचारलं तर म्हणाले, "फारसं नाही." पण सून बोटांच्या बेचक्या खाजवत उभी होती, आणि दोन्ही नातवंडंही. मी नखाखालची चिमूटभर खपली काचेच्या पट्टीवर घेतली, तेलाचा थेंब टाकला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरली. एका नजरेत सात-आठ किडे, त्यांतले काही चालणारे, मध्ये अंडी. साध्या खरजेत एक किडा सापडावा म्हणून अर्धा तास खरवडत बसावं लागतं.

हिला खपल्यांची खरूज म्हणतात. इथे दहा-बारा किडे नसतात, हजारो असतात, कधी लाखांच्या घरात. घरात गळून पडलेल्या एकेका खपलीत जिवंत किडे असतात, त्यामुळे या प्रकारात मात्र चादर, सोफा, फरशी, सगळ्यावरून लागण होते. एका रुग्णामुळे अख्ख्या वॉर्डातल्या परिचारिका खाजवत बसल्याची उदाहरणं आहेत. म्हणून घरातले सगळे खाजवत असतील आणि एकजण शांत असेल, तर मी आधी त्या शांत माणसाचे हात बघते.

जुन्या पुस्तकांत हिला 'नॉर्वेजियन खरूज' म्हटलेलं सापडेल. डॅनियलसन आणि बोएक या डॉक्टरांनी १८४८ मध्ये नॉर्वेतल्या कुष्ठरुग्णांमध्ये ती पाहिली. (नॉर्वेतल्याच बर्गन गावात पुढे १८७३ मध्ये डॅनियलसनच्या जावयाने, हान्सेनने, कुष्ठरोगाचा जंतू शोधला.) कुष्ठरुग्णाला ती का होत होती, हे आज समजतं. हातापायाला संवेदना नाही, म्हणजे खाज कळत नाही, म्हणजे खाजवणं नाही.

जनुकांतल्या दोषामुळे ती होते का? नक्की कोणता दोष?

होऊ शकते, पण खपल्यांची खरूज झालेल्यांत जन्मजात दोषापेक्षा नंतर आलेलाच दोष कितीतरी जास्त आढळतो: एचआयव्ही, अवयवरोपणानंतरची औषधं, रक्ताचा कर्करोग, दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या, उतारवय, अंथरुणाला खिळलेलं शरीर. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आदिवासी वस्त्यांत एचटीएलव्ही-१ नावाच्या विषाणूशी तिचा संबंध दिसतो. जन्मजात स्थितींपैकी डाउन सिंड्रोममध्ये ती होते हे त्वचारोगतज्ज्ञांना पूर्वीपासून ठाऊक आहे.

किड्याला आवरायचं काम मुख्यतः टी-पेशींचं, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या पेशींचं. खपल्यांच्या खरजेत प्रतिकारशक्ती गप्प नसते, ती चुकीच्या दिशेला धावते. रक्तात आयजीई (एका प्रकारची अँटीबॉडी) आणि इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी भरमसाट वाढतात, पण किडा मरत नाही. शिवाय किडाही भोळा नाही. आपल्या रक्तात 'कॉम्प्लिमेंट' नावाची प्रथिनांची एक मारेकरी साखळी असते. ती अडवणारी प्रथिनं तो आपल्या आतड्यातून सोडतो. म्हणून टी-पेशींच्या कामात जन्मजात बिघाड असलेल्या मुलाला साधी लागणही जड जाऊ शकते.

आणि कधी कधी काहीच सापडत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ७८ रुग्णांची पाहणी २००५ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यात चाळीसेक टक्के लोकांत ठरलेल्या कारणांपैकी एकही आढळलं नव्हतं. काही घराण्यांत ती एकापेक्षा जास्त जणांना झालेली दिसते, त्यामुळे अजून नाव न मिळालेला एखादा जनुकीय दोष असावा असा संशय आहे. साधी खरूज मात्र आनुवंशिक नाही. ती घराण्यातून येत नाही, घरातून येते.

असा दोष आहे हे ओळखायचं कसं?

नुसत्या खरजेवरून नाही. मी आईवडिलांना या गोष्टी विचारते: वर्षात दोनदा न्युमोनिया झाला का? कान सारखे फुटतात का? महिना-दोन महिने प्रतिजैविकं देऊनही ताप-पू थांबत नाही असं झालंय का? तोंडातली पांढरी बुरशी वर्षानंतरही जात नाही का? वजन वाढत नाही का? यकृतात किंवा खोल कुठे गळू झालं होतं का? जन्मानंतर दिलेल्या बीसीजीच्या जागी किंवा काखेत मोठी गाठ होऊन फुटली का? या शेवटच्या प्रश्नाला लोक 'हो' म्हणून सोडून देतात, पण बीसीजी ही जिवंत जंतूंची लस आहे आणि काही जन्मजात दोषांत तीच अंगावर उलटते.

मग दोन प्रश्न नात्यांचे. पहिला आईला: "तुमचे भाऊ, म्हणजे मुलाचे मामा, लहानपणीच गेले का?" एक्स गुणसूत्रावरचा दोष आईकडून येतो आणि मुलग्यांत दिसतो. ऑग्डेन ब्रुटन या अमेरिकी डॉक्टरने १९५२ मध्ये वर्णन केलेला, रक्तात अँटीबॉडीच नसण्याचा आजार असाच जातो. त्याचं जनुक १९९३ मध्ये सापडलं. दुसरा प्रश्न दोघांना: "तुमचं लग्न नात्यातलं आहे का?" आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न करायची चाल अजून आहे. दोघांकडून तोच दोष आला तर तो मुलात उतरतो.

बायका या प्रश्नावर सासूकडे बघतात. म्हणून मी सासूला आधी बाहेर बसवते.

तपासण्या कोणत्या आणि कुठे?

सुरुवात साध्या रक्ततपासणीपासून, पेशींच्या प्रकारवार मोजणीसकट. अहवालावर हिमोग्लोबिनच बघायची सवय झाली आहे. तान्ह्या बाळाच्या लिम्फोसाइट पेशी ३००० च्या खाली असतील तर ती ओळ लाल शाईने अधोरेखित करावी अशी असते. मग एचआयव्ही आणि अँटीबॉडींचे प्रकार: आयजीजी, आयजीए, आयजीएम, आयजीई. त्यात संशय आला तर फ्लो सायटोमेट्री या यंत्रतपासणीने टी, बी आणि एनके या लिम्फोसाइटच्या प्रकारांची मोजणी. जनुकांची तपासणी सर्वांत शेवटी. असे जन्मजात दोष आज साडेचारशेहून अधिक माहीत आहेत, त्यामुळे कुठे शोधायचं हे आधी ठरलेलं बरं.

एक चकवा सांगते. खपल्यांच्या खरजेत आयजीई आपोआपच हजारांत जातो. तो आकडा बघून कुणी 'हायपर आयजीई सिंड्रोम', म्हणजे आयजीई फार वाढण्याचा जन्मजात आजार, लिहून मोकळं झालं की पुढचं वर्ष त्यात जातं. उलटही घडतं. खऱ्या हायपर आयजीईच्या बाळाला इसबासारखं पुरळ येतं आणि त्याला वर्षभर खरजेचं मलम लावलं जातं. आधी खरूज पूर्ण बरी करा, मग आयजीई पुन्हा मोजा.

मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारात आयसीएमआरची राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे. जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषांचं निदान हे तिचं मोठं काम. जवळच वाडिया बालरुग्णालय. उत्तरेकडे चंडीगडचं पीजीआय रुग्णालय. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात अशा काही आजारांच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी मदतीची तरतूद आहे, आणि केईएम त्यातलं एक नेमलेलं केंद्र आहे.

खपल्यांच्या खरजेवर उपचार काय?

एका रात्रीच्या मलमाचं हे काम नाही. आयव्हरमेक्टिनच्या गोळ्या वजनाच्या किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२ मिलिग्रॅम, जेवणानंतर. पहिल्या, दुसऱ्या, आठव्या, नवव्या आणि पंधराव्या दिवशी. आजार फार पसरला असेल तर बाविसाव्या आणि एकोणतिसाव्या दिवशीही. १५ किलोच्या आतल्या मुलांना आणि गरोदरपणी ही गोळी सहसा देत नाहीत. जोडीला आठवडाभर पर्मेथ्रिन, नंतर आठवड्यातून दोनदा. पण जाड खपलीतून मलम आत पोचत नाही, म्हणून आधी युरिया किंवा सॅलिसिलिक आम्लाचं मलम लावून, कोमट पाण्यात भिजवून खपल्या मऊ करून काढायच्या. नखं अगदी बारीक कापून ब्रशने घासायची. हे कंटाळवाणं काम जो नातेवाईक नीट करतो त्याचा रुग्ण बरा होतो.

गोळी मनाने, पुन्हा पुन्हा किंवा अर्धवट घेऊ नका. ऑस्ट्रेलियात वर्षानुवर्षं ३० आणि ५८ डोस घेतलेल्या दोन रुग्णांत किडे आयव्हरमेक्टिनला दाद देईनासे झाल्याची नोंद आहे. ही गोळी ज्यापासून बनली तो जंतू जपानच्या सातोशी ओमुरांना मातीच्या एका नमुन्यात सापडला होता. त्यांना आणि विल्यम कॅम्पबेलना २०१५ चं नोबेल मिळालं. इतकं चांगलं औषध आपल्या हलगर्जीपणाने बोथट व्हावं याचा मला राग येतो.

खाजवलेल्या जागी पू झाला असेल तर तोही गांभीर्याने घ्या. स्ट्रेप्टोकॉकस जंतू शिरला तर काही आठवड्यांनी मुलाचा चेहरा सुजतो, लघवी लाल होते. मूत्रपिंडाला सूज आलेली असते.

दुकानातून 'खाजेचं मलम' आणून लावलं तर?

त्या ट्यूबमध्ये बहुधा क्लोबेटासॉल असतं, म्हणजे तिखट स्टेरॉइड, बुरशीच्या आणि जंतूंच्या औषधासोबत. दोन दिवस खाज थांबते, कारण तुमची लढाईच थांबवलेली असते. किडे निवांत वाढतात, पुरळ ओळखू येईनासं होतं. २०१८ मध्ये केंद्राने अशी स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. दुकानात जाऊन बघा काय चालतं ते.

चेहऱ्यावरही किडे असतात म्हणे?

डेमोडेक्स. मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या नाका-गालाच्या, पापण्यांच्या केसांच्या मुळाशी ते असतात आणि काही करत नाहीत. जन्मलेल्या बाळाच्या अंगावर ते नसतात, आईच्या कुशीतून येतात. म्हणूनच लहान मुलाच्या चेहऱ्यावर महिनोन्‌महिने लाल पुरळ आणि पुळ्या असतील, खरवडल्यावर डेमोडेक्सचे ढीग सापडत असतील, तर मी सावध होते. स्टॅट-१ नावाच्या जनुकात असा एक बदल होतो की ते प्रथिन गरजेपेक्षा जास्त काम करतं. हा दोष २०११ मध्ये उलगडला. अशा मुलांना तोंडाची, नखांची बुरशी वारंवार होते, आणि त्यांच्यातल्या काहींमध्ये डेमोडेक्सचं चिवट पुरळ नोंदलं गेलं आहे. म्हणजे जनुक आणि कातडीवरचे किडे यांचा सरळ धागा शोधायचा तर तो खरजेपेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसतो. किडे आयव्हरमेक्टिनने कमी होतात, पण दोष तसाच राहतो. त्यासाठी रुक्सोलिटिनिबसारखी औषधं मोठ्या केंद्रांतच दिली जातात.

कुत्र्यामुळे झाली असेल का?

कुत्र्याच्या खरजेचा किडा त्याच जातीचा, पण वेगळ्या उपप्रकाराचा. माणसाच्या कातडीत शिरून खाज देतो, पण आपल्या अंगावर पिढी वाढवत नाही. कुत्र्यावर उपचार करा, तुमचं आपोआप थांबतं.

गुळवेल, कडुलिंब, च्यवनप्राश?

कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ केली तर बिघडत नाही, फक्त त्या भरवशावर पर्मेथ्रिन चुकवू नका. जनुकातला दोष कुठल्याही काढ्याने भरून निघत नाही. गुळवेलीचं म्हणाल तर करोनाच्या काळात ती मनसोक्त घेतलेल्या काहींच्या यकृताला इजा झाल्याचं मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवलं आहे.

मला अंगावर किडे चालताना जाणवतात, डबीत भरून आणलेत, पण डॉक्टर म्हणतात काही नाही.

डबी आणा, मी सूक्ष्मदर्शकाखाली तुमच्यासमोर बघते. बहुधा धागे आणि कातडीचे कण निघतात. त्रास खोटा नसतो. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, मधुमेह, काही औषधं, आणि कधी मेंदूच्या रसायनांचा खेळ यांमुळे ही जाणीव होते, आणि औषधाने ती जाते. फिनेल किंवा रॉकेल अंगाला लावू नका, एवढं मात्र हात जोडून सांगते.

एका मुलात दोष निघाला. पुढच्या मुलाचं काय?

दोन्हीकडून आलेला दोष असेल तर दर खेपेला चारात एक शक्यता. आई एक्सवरच्या दोषाची वाहक असेल तर प्रत्येक मुलग्याला निम्मी. पहिल्या मुलाचा नेमका जनुकबदल कागदावर असेल तरच पुढच्या गरोदरपणी अकराव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा अंश काढून तो तपासता येतो. म्हणून तो अहवाल लॅमिनेट करून ठेवा, फोटो काढून ठेवा. आणि पुढच्या बाळाच्या जन्माआधी प्रसूतीच्या डॉक्टरांना कळवा, म्हणजे तपासणी होईपर्यंत बीसीजी थांबवायची का हे आधीच ठरवता येतं. एकदा टोचल्यावर ती काढून घेता येत नाही.